‘आधी फॉरमॅट करा’ म्हणणारी हार्ड डिस्क: झाडीपट्टीच्या चित्रफिती परत मिळवण्याचं एक प्रकरण

नागपुरात राहून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीची २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क. वडसा, म्हणजे देसाईगंज, आणि आसपासच्या गावांत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांचं तीन हंगामांचं चित्रण त्यात होतं. कॅमकॉर्डरच्या एमटीएस फाइली, कलावंतांच्या मुलाखतींचे वेव्ह स्वरूपातले ध्वनिमुद्रण, काही हजार फोटो आणि प्रबंधाची प्रकरणं, मिळून सुमारे १.४ टीबी. प्रबंधाच्या प्रती मार्गदर्शकांच्या ईमेलमध्ये होत्या. चित्रणाची मात्र दुसरी प्रत नव्हती. कार्डं दर हंगामात रिकामी करून पुन्हा वापरलेली.

फोनवर तक्रार अशी आली: “पडली-बिडली नाही जी. लाइट लागते, फिरूनही राहिली, पण उघडून नाही राहिली.” या एका वाक्यात निदानाचा अर्धा भाग होता. पडलेली डिस्क आणि न पडलेली डिस्क यांचे मार्ग पहिल्याच पायरीला वेगळे होतात, म्हणून हा प्रश्न दोन-तीन प्रकारे विचारून घ्यावा. टेबलावरून घसरली का, बॅगेत आदळली का, केबलला ओढ बसून उलटली का. “पडली नाही” म्हणणाऱ्यांना “उलटली होती एकदा” हे नंतर आठवतं.

घटनाक्रम असा निघाला. एप्रिलपासून काही फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट लागत होतं. एक मोठी फाइल कॉपी करताना वेग शून्यावर येऊन थांबायचा. मग विंडोजने ‘स्कॅन अँड फिक्स’ सुचवलं आणि ते स्वीकारलं गेलं. त्यामागचं चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन, रात्रभर चाललं, मध्येच अडकलं, शेवटी केबल काढावी लागली. दुसऱ्या दिवशी डिस्क लावल्यावर ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणं आवश्यक आहे’ अशी चौकट आली. सुदैवाने तिथे ‘रद्द करा’ दाबलं गेलं.

हात लावण्याआधी: कान, केबल, वीज

डिस्क कानाजवळ धरून ऐकली की पुष्कळ कळतं. ठरावीक अंतराने टक-टक येत असेल तर हेड, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणारं टोक, वाचू शकत नाहीये. बारीक बीप किंवा गुंगुं आवाज येऊन तबकड्या फिरत नसतील तर हेड तबकडीला चिकटलेलं असण्याची किंवा मोटर अडकल्याची शक्यता मोठी. या दोन्ही अवस्थांत घरी काहीही करायचं नाही, वीज काढायची आणि क्लीन रूम, म्हणजे धूळमुक्त खोली, असलेली प्रयोगशाळा गाठायची. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. बिघडलेलं हेड प्रत्येक चालू-बंदीला पृष्ठभाग खरवडू शकतं, आणि खरवडलेला भाग जगातली कुठलीही प्रयोगशाळा परत आणत नाही.

इथे आवाज स्वच्छ होता. म्हणून पुढची शंका केबल आणि विजेवर घ्यायची. पोर्टेबल डिस्कचा मायक्रो-बी जोड वर्षभरात सैल होतो. यूएसबी २ च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३ कडून ९०० मिलिअँपिअर मिळणं अपेक्षित असतं. तबकड्या फिरू लागतात त्या क्षणी डिस्क यापेक्षा जास्त ओढू शकते. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टवर लांब, स्वस्त केबलने जोडलेली निरोगी डिस्कसुद्धा टक-टक करून बंद पडते आणि माणूस उगाच हेड गेलं म्हणून घाबरतो. त्यामुळे नवी आखूड केबल, डेस्कटॉपच्या मागचा पोर्ट, किंवा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब. हे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात कुठेही मिळतं, आणि पुढच्या कामातही लागतंच.

केबल बदलूनही लक्षणं तीच राहिली. पण डिस्कने आपलं नाव, अनुक्रमांक आणि पूर्ण क्षमता, म्हणजे ३,९०,७०,२९,१६८ सेक्टर (डेटाचे छोटे कप्पे), बरोबर सांगितली. ही चांगली खूण. क्षमता शून्य किंवा भलतीच दाखवली असती तर डिस्कला स्वतःचं फर्मवेअरच, म्हणजे तिला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, नीट वाचता येत नाही असा अर्थ झाला असता, आणि मग प्रकरण साध्या साधनांच्या बाहेर जातं.

स्मार्ट अहवालातले चार आकडे

लिनक्सवर स्मार्टसीटीएल ही आज्ञा ‘सॅट’ पर्यायासह दिली की बहुतेक यूएसबी डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, मिळतो. त्यात सगळ्यात वर ‘पास्ड’ असं ठळक लिहिलेलं होतं. त्या शब्दावर भरवसा ठेवू नये. उत्पादकाने ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत तो तसाच राहतो, आणि हजारो वाचता न येणारे सेक्टर असलेल्या डिस्कवरही दिसू शकतो. खाली कच्चे आकडे पाहायचे.

क्रमांक ५, बदलून दिलेले सेक्टर: १६. क्रमांक १९७, म्हणजे वाचता न आल्यामुळे प्रलंबित ठेवलेले: ७८४. क्रमांक १९९, वहनातल्या चुका: शून्य. हा आकडा यूएसबी केबलचा दोष दाखवत नाही, पण केबल आधीच बदलून पाहिली होती. क्रमांक १९४, तापमान: ५१ अंश, तेही काही न करता नुसती जोडून ठेवलेली असताना.

या शेवटच्या आकड्याला नागपूरचा मे महिना कारण होता. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात भोवतालचं तापमान ५ ते ३५ अंश असावं असं लिहिलेलं असतं. वरच्या मजल्यावरच्या, स्लॅब तापलेल्या खोलीत दुपारी ती अट पाळणं शक्यच नाही. उष्णतेनेच सेक्टर गेले असं मात्र यावरून म्हणता येत नाही. चार वर्षं वापरलेली डिस्क थंड खोलीतही जाते. पण दीर्घ वाचनात तापमान ६० च्या घरात गेलं तर वाचनातल्या चुका वाढू शकतात, म्हणून कामाची वेळ रात्रीची ठरली आणि डिस्कखाली दोन काड्या ठेवून टेबलफॅनची हवा दिली. कूलरची हवा नको. ती ओली असते आणि पॅडमधून तुषार उडतात. फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला तर अजूनही कुणीतरी देतंच. थंड डिस्क बाहेर काढताच पृष्ठभागावर दव धरतं, त्याने वाचलेली डिस्कही हातची जाते.

निर्णय कुठे फिरतो

डिस्क फिरते, ओळख देते, पण काही सेक्टर वाचत नाही. अशा वेळी दोन शक्यता उरतात: पृष्ठभागावरचे डाग किंवा एखादं कमजोर झालेलं हेड. ओळखण्यासाठी पूर्ण डिस्कवर पसरलेल्या वीसेक ठिकाणी थोडे-थोडे एमबी वाचून पाहिले. हेड गेलेलं असेल तर चांगले आणि वाईट पट्टे एकाआड एक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, नियमित येतात, कारण डेटा सगळ्या पृष्ठभागांवर आळीपाळीने मांडलेला असतो. इथे अपयश दोनच प्रदेशांत होतं: सुरुवातीपासून ३ जीबीच्या जवळ आणि पुढे ६१० जीबीच्या आसपास. म्हणजे डाग. प्रतिमा, म्हणजे पूर्ण डिस्कची सेक्टरगणिक नक्कल, घरी काढण्याचा निर्णय यावर झाला. पट्टे दिसले असते तर इथेच थांबणं योग्य होतं.

इथून पुढे एकच हिशेब चालतो. अशा डिस्ककडे वाचनाचे किती तास उरलेत हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून प्रत्येक वाचन नकलेसाठी खर्च व्हायला हवं, दुरुस्तीसाठी नाही. चेकडिस्क, ‘बॅड सेक्टर रिपेअर’ म्हणवणारी सॉफ्टवेअरं, आणि थेट डिस्कवर चालवलेला रिकव्हरी स्कॅन हे तिन्ही याच कारणाने वर्ज्य. रिकव्हरी सॉफ्टवेअर वाईट असतं असं नाही. ते प्रतिमेवर चालवायचं असतं. आजारी डिस्कवर ते एकेका सेक्टरसाठी तेच-ते प्रयत्न करत अडून बसतं, आणि मध्येच बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून वाचू लागतं.

मांडणी

जुना डेस्कटॉप, यूपीएस, प्रतिमेसाठी नवी ४ टीबीची डिस्क आणि सिस्टमरेस्क्यूचा, म्हणजे अशाच कामासाठीच्या लिनक्सचा, पेनड्राइव्ह. ४ टीबी का? २ टीबीची पूर्ण प्रतिमा २ टीबीच्या फॉरमॅट केलेल्या डिस्कवर मावत नाही. फाइल सिस्टम स्वतःची थोडी जागा खातेच. लक्ष्य डिस्क ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केली. तिथे फॅट३२ असती तर ४ जीबीलाच गाडी अडली असती.

विंडोज मुद्दाम टाळलं. डिस्क जोडताच ते फाइल सिस्टम उघडायला धडपडतं आणि नेमक्या खराब भागावर जाऊन आपटतं. लिनक्सच्या काही डेस्कटॉप आवृत्त्याही डिस्क आपोआप माउंट करतात, म्हणजे वापरासाठी उघडतात. सिस्टमरेस्क्यू तसं करत नाही. तरीही ब्लॉकडेव्ह आज्ञेने स्रोत डिस्क केवळ-वाचनीय केली.

केस उघडून डिस्क थेट संगणकाच्या आतल्या साटा पोर्टला जोडणं एरवी उत्तम, कारण यूएसबीचा मधला पूल, म्हणजे डिस्क आणि यूएसबी यांना जोडणारी चिप, खराब सेक्टरवर गुदमरतो. पण या डिस्कच्या सर्किट बोर्डवर यूएसबी जोडच थेट झाळलेला होता, साटा नव्हताच. आजकाल अशा डिस्क बऱ्याच दिसतात. काहींत तो पूल डेटा कूटबद्धही करतो, मग बोर्ड बदलला तर समोर येतो तो नुसता कचरा. दुसऱ्या डिस्कचा तसाच दिसणारा बोर्ड लावण्याचा उद्योग तर अजिबात करू नये. त्या विशिष्ट डिस्कची जुळणी-माहिती बोर्डवरच्या छोट्या आठ पायांच्या रॉममध्ये असू शकते आणि तिच्याशिवाय नवा बोर्ड निरुपयोगी.

प्रतिमा

साधन जीएनयू डीडीरेस्क्यू, आजारी डिस्कची नक्कल काढणारं. त्याचं खरं बळ त्याच्या मॅप फाइलमध्ये आहे: कुठला तुकडा वाचला, कुठला सोडला, कुठे अपयश आलं याची सतत नोंद. वीज गेली तरी तिथूनच पुढे. वळवाच्या पावसात तारा तुटण्याचे दिवस असताना याचं मोल वेगळं सांगायला नको. एकच पथ्य आहे. लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सचं होम फोल्डर रॅममध्ये असतं, मॅप फाइल तिथे ठेवली तर विजेबरोबर तीही जाते. ती ४ टीबीच्या डिस्कवर, प्रतिमेशेजारी ठेवली.

स्रोताचं नाव देताना ‘एसडीबी’ असं न देता ‘बाय-आयडी’ फोल्डरमधलं, मॉडेल आणि अनुक्रमांक असलेलं लांब नाव दिलं. डिस्क मध्येच सुटून परत जोडली गेली की एसडीबीची एसडीसी होते. हे लांब नाव बदलत नाही. शिवाय स्रोत आणि लक्ष्य उलट देण्याचा धोका टळतो. ती चूक परत फिरवता येत नाही.

पहिल्या फेरीत तीन पर्याय: लहान डी, म्हणजे मधला कॅशे टाळून थेट वाचन; मोठा एन, म्हणजे खराब भागाच्या कडा साफ करणं नंतर; लहान एन, म्हणजे त्या भागातून एकेक सेक्टर खरवडून वाचणंही नंतर. (आज्ञेत ही अक्षरं अर्थात इंग्रजीत.) या फेरीचा हेतू सोपा भाग आधी घेणं. अडथळा आला की डीडीरेस्क्यू उडी मारून पुढे जातं. बाहेरच्या कडेला वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास होता, आत जाताना तो निम्म्यावर आला.

६१० जीबीजवळ अपेक्षित घोटाळा झाला. यूएसबीचा पूल गोठला. यात दोन प्रकार असतात. डिस्कचं नाव यादीतून नाहीसं झालं तर डीडीरेस्क्यू आपणहून थांबतं, हे बरं. नाव तसंच राहून प्रत्येक वाचन तत्काळ नापास होऊ लागलं तर मात्र ते पुढचे शेकडो जीबी मिनिटांत ‘खराब’ म्हणून नोंदवून मोकळं होतं. खूण अशी की वाचनाचा वेग शून्य आणि चुकांचा आकडा भराभर वाढतोय. खरा खराब सेक्टर वेळ खातो, इतक्या झटपट नापास होत नाही. इथे दुसरा प्रकार घडला. कंट्रोल-सी ने थांबवून, केबल काढून, डिस्क गार होऊ दिली आणि मोठा ए हा पर्याय देऊन पुन्हा सुरुवात केली. न साफ केलेले तुकडे त्याने ‘अजून न वाचलेले’ म्हणून परत नोंदवले जातात, खोटी नोंद पुसली जाते.

पुढे उलट दिशेने, मोठा आर देऊन, तोच भाग मागून वाचला. डागाच्या पलीकडची कड पुढून येताना उडीत सुटलेली असते, ती मागून हाती लागते. त्यानंतर कडा साफ करणं, खरवडणं आणि शेवटी तीन पुनःप्रयत्न. प्रत्येक टप्प्यानंतर स्मार्ट अहवाल पाहिला. प्रलंबितांचा आकडा या डिस्कवर आठच्या पटीत वाढत होता. ५१२ बाइटचे आठ तार्किक सेक्टर मिळून ४,०९६ बाइटचा एक भौतिक सेक्टर होतो, म्हणून. कामाच्या मध्ये डिस्क नुसती जोडून ठेवली नाही. या आकाराच्या कित्येक डिस्क एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे डेटाच्या रेघा एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणाऱ्या, असतात, रिकाम्या वेळात त्या आतल्या आत डेटा हलवत बसतात, आणि आजारी डिस्कला तो व्यायाम नको.

शेवटी न वाचलेले भौतिक सेक्टर राहिले ६१२. म्हणजे २ टीबीपैकी सुमारे २.५ एमबी. पुनःप्रयत्नांच्या शेवटच्या फेरीत एकही नवा सेक्टर मिळाला नाही, तेव्हा डिस्क काढून ठेवली.

अडीच एमबीत काय गेलं

टक्केवारी इथे फसवते. ३ जीबीजवळचा डाग दिसला तेव्हाच काळजी होती, कारण विंडोज आपली एनटीएफएस ही फाइल सिस्टम फॉरमॅट करताना मास्टर फाइल टेबल सहसा क्लस्टर (जागा मोजण्याचा तुकडा) ७,८६,४३२ पासून मांडतं, आणि ४ केबीच्या क्लस्टरला ते बरोबर ३ जीबीवर येतं. या टेबलात प्रत्येक फाइलची १ केबीची नोंद असते: नाव, आकार, तुकडे कुठे आहेत. एक भौतिक सेक्टर गेला की चार फाइलींच्या नोंदी गेल्या. टेबलाची आरशातली प्रत असते खरी, पण ती फक्त पहिल्या चार नोंदींची. डागात या टेबलाचे ४० सेक्टर सापडले, म्हणजे १६० नोंदी. त्यातल्या ४० रिकाम्या किंवा आधीच पुसलेल्या फाइलींच्या होत्या. उरलेल्या १२० फाइलींचा डेटा डिस्कवर धडधाकट होता, पण तो कुठे आहे हे सांगणारं कुणी नव्हतं.

चेकडिस्कचं नुकसान इथे उघड झालं. एनटीएफएसमध्ये फाइलचं नाव, आकार आणि तारीख फोल्डरच्या निर्देशिकेतही असते. टेबलातली नोंद गेली तरी तिथून निदान नाव कळतं. चेकडिस्क मात्र नोंद वाचता आली नाही की निर्देशिकेतली ओळही ‘चुकीची’ समजून काढून टाकतं. फाइल सिस्टम सुसंगत करणं हेच त्याचं काम, तुमचा डेटा वाचवणं नव्हे. १२० पैकी बहुतेकांची नावं त्या रात्री पुसली गेली.

प्रतिमेवर काम सोपं होतं. आधी पार्टिशन केवळ-वाचनीय माउंट करून नोंदी शाबूत असलेल्या सगळ्या फाइली जशाच्या तशा काढल्या. मग फोटोरेक या साधनाने, प्रत्येक प्रकारच्या फाइलीत असणाऱ्या ठरावीक खुणेवरून, फाइली शोधल्या. नावं नसतात, पण फाइली मिळतात. चित्रणाच्या फाइली कार्डवरून एकदाच, सलग कॉपी झालेल्या होत्या, म्हणून त्या बहुतांशी अखंड निघाल्या. १२० चा हिशेब: ७१ एमटीएस, ३८ वेव्ह, ११ फोटो.

नावं परत लावण्याचा मार्ग फाइलींच्या पोटात होता. एमटीएस फाइली बनवणारे एव्हीसीएचडी कॅमेरे चित्रप्रवाहातच चित्रीकरणाची तारीख-वेळ लिहितात, ती एक्झिफटूल या साधनाने वाचता येते. विद्यार्थिनीच्या वहीत कुठल्या रात्री कुठल्या गावात कुठलं नाटक होतं हे लिहिलेलं होतं. मध्यरात्र उलटल्यावरची तारीख पुढच्या दिवसाची येते, ते ध्यानात ठेवून ७१ ही जागी बसल्या. वेव्हपैकी ३३ मध्ये रेकॉर्डरने लिहिलेली तारीख मिळाली. पाच ऐकून ओळखाव्या लागल्या. फोटोंची तारीख एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलीतच कॅमेऱ्याने लिहिलेल्या माहितीत, होतीच.

उरलेले खराब सेक्टर कुठल्या फाइलींत पडले हे कळायला डीडीरेस्क्यूचा फिल मोड कामी आला. मॅप फाइलची नक्कल घेऊन, प्रतिमेतल्या न वाचलेल्या जागांवर एक ओळखीचा शब्द भरला, मग सर्व फाइलींत तो शब्द शोधला. तेवीस फाइली निघाल्या. यादी झाल्यावर त्याच जागी शून्य भरून घेतलं, नाहीतर वेव्हमध्ये तो शब्द खरखर म्हणून ऐकू येतो.

तेवीसांपैकी १९ एमटीएस. हे स्वरूप प्रवाहाचं असल्याने भोक पडलं तरी फाइल चालते. पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत, साधारण अर्धा सेकंद, चौकोन दिसतात आणि गाडी पुढे जाते. हेच चित्रण एमपी४ मध्ये असतं आणि भोक निर्देशांकाच्या भागात पडलं असतं तर पूर्ण फाइल उघडली नसती. तीन वेव्ह: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, दोन वाहिन्या म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट, तेव्हा एक सेक्टर गेला की १४ मिलिसेकंदांची शांतता. एका वेव्हचा शीर्षभागच गेला होता. ती ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात कच्चा डेटा म्हणून, हेच मापदंड देऊन, आयात केली. बाइटची सुरुवात चुकली तर नुसता गोंगाट येतो, मग ऑफसेट, म्हणजे वाचायला सुरुवात करायची जागा, एकेक बाइटने सरकवायचा. तेविसावी फाइल प्रबंधाचं एक प्रकरण, डॉक्स. ते आतून झिप असतं, त्यातल्या भोकाने ते उघडेना. ईमेलमधली प्रत घेतली.

फोल्डर भरलेला दिसणं आणि फाइली शाबूत असणं यांत फरक असतो, म्हणून सुपूर्त करण्याआधी सर्व एमटीएस एफएफएमपेग या साधनाने शेवटपर्यंत उलगडून पाहिल्या. त्रुटी त्या १९ फाइलींतच आल्या. प्रती दोन डिस्कवर दिल्या, एक नागपुरात आणि एक गावी ठेवायला. मूळ डिस्क त्यावर तारीख लिहून, काहीही न पुसता, बाजूला ठेवायला सांगितली. उरलेल्या अडीच एमबीसाठी प्रयोगशाळेत जावं का, हा प्रश्न आला. हरवलेलं सगळं मिळून चौकोनी झालेली काही दृश्यं आणि तीन मुलाखतींतले काही क्षण इतकंच होतं. त्यासाठी क्लीन रूमचा खर्च करण्यात अर्थ नव्हता.